इंजिन वाजतंय? उतरवण्याआधी नीट ऐका

या भागात आपण एका श्रोत्याची व्हॉइस नोट ऐकली. पेट्रोल गाडी, २ लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना इंजिनमधून आवाज येतो. मेकॅनिक म्हणतोय, "साहेब, इंजिन उतरवावं लागेल." आता खर्च करायचा की गाडी विकून टाकायची?

थांबा. आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, पाचेक मिनिटांनी डिपस्टिक काढा. जुनी इंजिनं ऑइल पितात, आणि ऑइल कमी असताना काहीही वाजू शकतं. पातळी ठीक असेल, तर आवाज कधी येतो ते लिहून ठेवा. निदान तिथूनच सुरू होतं.

फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर: डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. गिअर उतरवला की कमी होतो. हे खरं नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेआधी किंवा भलत्या ठिकाणी पेटतंय. कारणं बहुधा ही: पिस्टनवर साचलेला कार्बन, इंजिन जास्त तापणं, चुकीचे प्लग, बिघडलेलं टायमिंग किंवा नॉक सेन्सर. इथेनॉलला लगेच दोष देऊ नका, त्याने ऑक्टेन वाढतो. पण मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, तर मात्र नॉकिंग होऊ शकतं.

थंड इंजिनवर, गरम झाल्यावर बंद: पोकळ ठकठक असेल तर झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतोय. काही मिनिटांत थांबत असेल तर गाडी बरेच दिवस चालते.

वरून बारीक टिकटिक: टॅपेट वाजतायत. सेटिंगने बहुतेक वेळा काम होतं.

खालून जड ठोका, रेस वाढवली की वेगही वाढतो: आता गंमत नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. गरम इंजिनवर ठोका वाढत असेल किंवा ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो.

खात्री कशी करायची? मेकॅनिकला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायला सांगा. एक काढल्यावर ठोका मंदावला, तर दुखणं त्याच सिलिंडरमध्ये. गेजने ऑइल प्रेशर मोजा. जुनं ऑइल फिल्टर कापून आत धातूची चमक दिसते का तेही बघा.

आणि हो, कुणी "जाड ऑइल टाका, आवाज जाईल" म्हणालं तर ऐकू नका. आवाज दबतो, झीज थांबत नाही. जुनी गाडी विकत घेतानाही हे लक्षात ठेवा.

आपल्या श्रोत्यांचा आवाज फक्त चढावर येतो, गिअर उतरवला की थांबतो, आणि ऑइलही बरोबर आहे. तेव्हा इंजिन उतरवायची घाई नको. आधी कूलिंग, प्लग, टायमिंग तपासा, कार्बन साफ करून घ्या. तोवर घाटात वेळेवर गिअर उतरवा.