मेंदूतलं विरजण



घरातली म्हातारी माणसं विसरायला लागली, की आपल्याकडे सरळ म्हणतात, 'डोकरी येडी व्हई गयी'. अंगणात नसलेली माणसं दिसली, की बाहेरचं लागलं म्हणतात. खरं कारण मेंदूत असतं.

आपल्या शरीरातली प्रथिनं ठरावीक घडीत राहून काम करतात. कधी एखाद्याची घडी बिघडते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही ते बिघडवतं. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही होतं, तसंच. मग गुठळ्या साचतात आणि पेशी मरतात. अल्झायमरमध्ये ही प्रथिनं असतात अमायलॉइड आणि टाऊ, तर कंपवातात अल्फा-सायन्यूक्लीन. हे आजार सेवा केल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाहीत.

उतारवयात एकाच मेंदूत दोन-तीन प्रकारच्या गुठळ्या सापडतात. म्हणून विसरणं, हातापायांचा ताठरपणा आणि भास एकाच माणसात दिसू शकतात. याचा एक प्रकार म्हणजे लेवी बॉडी डिमेन्शिया. तो ओळखणं फार गरजेचं आहे. भास थांबवायला दिलेलं हॅलोपेरिडॉलसारखं औषध या रुग्णांना सोसत नाही. अंग लाकडासारखं होतं, गुंगी येते, जिवावरही बेतू शकतं.

म्हणून डॉक्टरांना नुसतं 'विसरतात' एवढंच सांगू नका. चाल मंदावली का, भास होतात का, झोपेत ओरडतात किंवा हातपाय झाडतात का, हेही सांगा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पण कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

गुठळ्या पूर्ण काढून आजार बरा करणारं औषध अजून नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब अमायलॉइड कमी करतं, पण सुरुवातीच्या अल्झायमरचा वेग थोडाच मंदावतो. मेंदूत सूज आणि रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. कंपवातात लेवोडोपामुळे हालचाल सुधारते. खाजकुहिलीच्या बियांत तेच द्रव्य असतं, म्हणून घरीच चूर्ण करून देऊ नका, मात्रा चुकते.

बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइड यांमुळेही विसरायला होतं, आणि ते उपचारानं सुधारतं. म्हणून आधी रक्त तपासा. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि बाई, रात्रंदिवस सेवा तू एकटीच करू नकोस. घरातल्यांनाही पाळी लाव.