पॅनेल बदलण्याआधी वायर मोजा

कॅम्पर व्हॅनच्या छतावर सौर पॅनेल आहे, दिवसभर कडक ऊन पडलं आहे, आणि तरीही रात्री फ्रिज बंद पडतो. अशा वेळी संशय आधी पॅनेलवर जातो, मग बॅटरीवर. संचातल्या बहुधा सगळ्यात महाग वस्तू याच दोन. माझं म्हणणं असं की, त्या बदलायला काढण्याआधी त्यांच्यामधली जोडणी तपासावी. पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नसतो. वायरी, लग, फ्यूजचे होल्डर, स्क्रूखाली दाबलेली टोकं मात्र खड्ड्यांच्या रस्त्यावर सतत हादरतात, ढिली होतात. गाडी कोकणात फिरत असेल तर खाऱ्या, दमट हवेनं तांब्यावर हिरवा थर चढतो. गच्चीवरच्या संचाला निदान हे हादरे तरी सोसावे लागत नाहीत.

ढिला जॉइंट किंवा बारीक वायर एवढं काय बिघडवणार, असं वाटेल. हिशेब करून पाहू. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम असतो. चार्ज कंट्रोलरपासून बॅटरी ३ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर वायर झाली. तीतून १० अँपिअर प्रवाह गेला की ०.४४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. तिच्यापर्यंत पोचतात १४ हूनही कमी. कंट्रोलरला मात्र स्वतःच्या टोकाशी १४.४ दिसतात, म्हणून तो वेळेआधीच प्रवाह आवरता घेतो. चार्जिंग रेंगाळतं, ऊन उतरतं, बॅटरी अर्धवट राहते. रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि बॅटरी खरोखरच निकामी होते. मग नवी बॅटरी येते. वायर जुनीच राहते.

कंट्रोलरच्या पडद्यावर व्होल्टेज दिसतंच, मग वेगळं मोजायचं कशाला? कारण तो आकडा कंट्रोलरच्या टोकाचा आहे, बॅटरीचा नाही. दुपारी चार्जिंग जोरात चालू असताना साधा मल्टिमीटर आधी कंट्रोलरच्या बॅटरी-टर्मिनलवर लावावा, मग थेट बॅटरीच्या खांबांवर. फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर फ्यूजच्या दोन टोकांमध्ये, मग प्रत्येक जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे मोजत जावं. जिथे आकडा उठून दिसेल तिथे दोष. मोजमाप प्रवाह वाहत असतानाच हवं, हे महत्त्वाचं. सुट्या टोकांवर ३६ सेलचं पॅनेल २१ व्होल्टच्या आसपास दाखवतं, पण प्रवाहच नसल्यानं खराब जॉइंटही तिथे निर्दोष ठरतो. भर उन्हात, प्रवाह चालू असताना पॅनेलचे कनेक्टर ओढू नयेत. डीसी ठिणगी सहज विझत नाही. आधी पॅनेल जाड कापडानं झाकावं.

पॅनेल कधीच बिघडत नाही, असं नाही. बायपास डायोड शॉर्ट झाला तर दोन डायोडच्या पॅनेलचं व्होल्टेज जवळपास निम्म्यावर येतं, आणि ते लगेच कळतं. उन्हाळ्यातली घट मात्र बिघाड नव्हे. पॅनेलवर छापलेले वॅट सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. विदर्भातल्या मे महिन्यात सेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर अंशामागे सुमारे ०.४ टक्के धरून १६ टक्के निर्मिती जाते.

आणि वापरच जास्त असेल तर? तीही शक्यता खरी आहे. सरासरी ४० वॅट खाणारा फ्रिज २४ तासांत ९६० वॅट-तास घेतो; छतावर आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल पाच तासांच्या चांगल्या उन्हात, सगळी तूट धरून, ७०० च्या आसपास देईल. इथे दुसरं पॅनेल लागेलच. पण प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीत व्होल्टेजची घट दुप्पट आणि जॉइंटवरची उष्णता चौपट होते. म्हणून पॅनेल वाढवायचं असलं तरी आधी कंट्रोलर ते बॅटरी वायर जाड घालावी, लग नव्यानं दाबून घ्यावेत आणि फ्यूज त्या वायरीला झेपेल एवढाच ठेवावा.