भांडी वाजली की काय समजायचे?

रविवारी वंदना आटोपली की आमच्या विहारात अर्धा तास आरोग्याचा असतो. बीपी मोजायचे, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघायची, कोणाची सोनोग्राफी राहिली ते विचारायचे. गेल्या खेपेला आम्ही बीपीचे मशीन पिशवीतून काढायच्या आतच एक आजी म्हणाल्या, "सिस्टर, बीपी राहू द्या. काल रात्री परत भांडी वाजली. आधी ते काय असतं ते सांगा." अर्ध्या तासाचे दोन तास झाले. त्या दिवशी आलेले प्रश्न सगळ्याच घरांतले आहेत, म्हणून ते इथे लिहितो आहोत.

डहाणू-तलासरीला धक्के नवे नाहीत. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा, सवणे, वडवली या बाजूला जमीन हलू लागली. 1 फेब्रुवारी 2019 ला तर एकाच दिवशी अनेक धक्के बसले, त्यातला सर्वात मोठा 4.1 चा होता. थंडीचे दिवस, आणि माणसे लेकरांना घेऊन तंबूत झोपत होती. त्या दिवशी आपल्या डहाणू तालुक्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या अंगावर घर पडले नव्हते. घाबरून बाहेर पळताना ती पडली आणि डोक्याला मार लागला. हे लक्षात ठेवा, पुढे परत येऊ.

पहिला प्रश्न आवाजाचा. "सुरुंग लागल्यासारखा धडाम् आवाज येतो आणि मग घर हलतं, हे कसं?" जमिनीच्या आत खडकाला जुन्या भेगा असतात. वर्षानुवर्षे दाब साठतो, आणि एका क्षणी भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. तिथून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. डहाणू रोड स्टेशनात मालगाडीला इंजिन लागते तेव्हा धक्का एका डब्यातून दुसऱ्यात खडखडत जातो ना, तशी पहिली लाट. ती ढकलत येते आणि वेगवान असते. दुसरी लाट ओले लुगडे झटकल्यासारखी, आडवी हलवणारी. ती मागून येते आणि घर तीच जास्त हलवते. पहिली लाट जमिनीच्या वर पोचली की हवेला हादरवते, तोच आपला धडाम् आवाज. आपल्याकडचे बहुतेक धक्के दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या खोलीवरचे आहेत, म्हणून लहान धक्क्यालाही आवाज मोठा. आवाज मोठा म्हणजे भूकंप मोठा असे नाही.

दुसरा प्रश्न तरुण पोरांचा. हे तारापूरमुळे होते का, बुलेट ट्रेनच्या कामामुळे, खाणीच्या सुरुंगांमुळे? अणुभट्टी जमीन हलवत नाही. सुरुंगाचा हादरा वरच्या वर आणि जवळपास जाणवतो, आणि भूकंप मोजणाऱ्या यंत्रावर त्याची रेघ वेगळी उमटते. आपल्या धक्क्यांचा उगम कित्येक किलोमीटर खाली आहे. हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेने 2019 मध्ये इथे यंत्रे बसवली, त्यातून हे कळाले. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते आणि आधीच ताणलेला खडक सुटायला निमित्त मिळते, असेही एक अनुमान शास्त्रज्ञांनी मांडले आहे. पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध महाराष्ट्राला माहीत आहे. कोयनेचे धरण भरल्यावर त्या भागात धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप होऊन सुमारे 180 माणसे गेली. प्रकल्पांविरुद्ध भांडायला आमची ना नाही, आम्हीही मोर्चात असतो. जमीन, पाणी, मासेमारी, मोबदला, भांडायला कारणे भरपूर आहेत. त्यात खोटे कारण घातले की खरी कारणेही पातळ होतात, म्हणून एवढे लिहिले.

एक भाऊ म्हणाले, "लहान धक्के आले की दाब निघून जातो, मोठा येत नाही." हे आम्हीही बरीच वर्षे खरे मानत होतो. हिशेब करून बघा. भूकंपाच्या मापात एक आकडा वाढला की ताकद सुमारे 32 पट वाढते. म्हणजे 4 आणि 6 मध्ये 32 गुणिले 32, जवळपास हजार पटीचा फरक. 6 च्या एका भूकंपाची ताकद लहान-लहान हप्त्यांत बाहेर काढायची तर 4 चे हजार धक्के लागतील. तेव्हा लहान धक्क्यांवर निर्धास्त राहू नका. आणि लहान धक्के म्हणजे मोठा येणारच, असेही नाही.

मग तो कधी येणार? "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, घरात झोपू नका" असा मेसेज त्या रविवारीही तीन जणांच्या मोबाईलमध्ये होता. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणे जगात कोणालाही जमलेले नाही, ना शास्त्रज्ञाला, ना भगताला. नारळ वाढवण्यासाठी वर्गणी मागायला कोणी आले तर त्यांना चहा पाजा आणि हा लेख वाचून दाखवा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका हे बुद्धाने कालामांना सांगितले, ते व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू आहे. मोबाईलवर येणारी भूकंपाची सूचना मात्र वेगळी. ती भविष्य सांगत नाही. पहिली लाट पकडून दुसरी यायच्या आत ती फोन वाजवते. दूरच्या माणसाला काही सेकंद मिळतात. आपण उगमाच्या डोक्यावरच बसलेलो, आपल्याला एक-दोन सेकंदही मिळणे कठीण. धक्का किती मोठा होता हे मागाहून बघायचे असेल तर सरकारच्या भूकंप केंद्राचे 'भूकंप' नावाचे अ‍ॅप आहे.

खरा मुद्दा घराचा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसे गेली. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या आणि छतावर मातीचे थर होते. ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. आपल्याकडचे कुडाचे घर हलके असते, ते वाकते पण माणूस सहसा दडपत नाही. भीती आहे ती सुट्या कौलांची, सळई न घालता उभारलेल्या विटांच्या भिंतीची, आणि माळ्यावर ठेवलेल्या पेट्यांची. आजच पेटी खाली उतरवा. अंथरूण फळीखाली नको. घरकुलाला भेग पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, फोटो काढा. पुढच्या धक्क्यानंतर भेग खुणेपुढे गेली, किंवा कोपऱ्यात दोन भिंती सुटल्या, तर त्या खोलीत झोपू नका आणि फोटोसकट ग्रामपंचायतीत अर्ज द्या. पोच घ्या. नुसते तोंडी सांगून पंचनामा होत नाही, हा आमचा अनुभव.

धक्का बसताना पळू नका. बहुतेक धक्के काही सेकंदांत संपतात. दार दोन पावलांवर आणि समोर मोकळे अंगण असेल तर बाहेर या, पण पागोळीखाली थांबू नका, कौले तिथेच पडतात. नाहीतर मजबूत टेबलाखाली जा, तेही नसेल तर खाली बसून हातांनी डोके झाका. लेकराला कोण उचलणार हे आधी ठरवा, म्हणजे कोणी एकटे पळणार नाही. धक्का थांबला की गॅस बंद करा, काडी ओढू नका.

बायकांनी हळू आवाजात विचारले ते वेगळेच. धक्का नसताना पाय हलल्यासारखे वाटतात, छाती धडधडते, झोप लागत नाही. बाई, हे वेड नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो आणि मन दोन्ही सावध झालेले असतात. काही दिवसांत कमी होते. महिनाभर झोप नसेल किंवा बीपी वाढत असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, बीपीची गोळी मनाने बंद करू नका. गरोदर बाईला लहान धक्क्याने बाळ पडेल ही भीती असते. बाळ पाण्याच्या पिशवीत असते, घराच्या हलण्याने त्याला इजा होत नाही. पण धावताना पोटावर पडलात, रक्त गेले, पोट दुखत राहिले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

आणि भीतीने अंगणात झोपणार असाल तर जमिनीवर झोपू नका. आपल्या भागात मण्यार आहे, ती रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होऊन मिटू लागतात. बाज घ्या, मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा, बॅटरी उशाशी ठेवा. असे लक्षण दिसले तर भगताकडे न थांबता सरळ दवाखान्यात न्या.