एकाच गाडीची परीक्षा

डिसेंबर २०२१मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका लोहाराची जीप मोबाईलवरून देशभर पोहोचली. भंगारातले भाग जोडून केलेली, तोंडवळा जुन्या विलीज जीपचा, स्टेअरिंग डाव्या बाजूला आणि सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. खर्च साठ हजारांच्या घरात. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि सोबतच बजावलं, की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला अडवलं जाईल. तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२मध्ये बोलेरो मिळालीही.

कौतुकाच्या त्या गर्दीत एक गोष्ट सगळ्यांनी न बोलता मान्य करून टाकली. माणसाने घरी गाडी बांधली, तर ती रस्त्यावर कायदेशीरपणे येऊच शकत नाही! खरंच असं असायला हवं का, हे पाहायचं तर ब्रिटनकडे वळावं लागतं. तिथे घराशेजारच्या गॅरेजमध्ये जुन्या धाटणीची गाडी बांधायची, सरकारी तपासणीला न्यायची आणि नंबरप्लेट लावून घरी आणायची, ही रीत अनेक दशकांची आहे.

या रीतीचं मूळ ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीत सापडतं. १९२२मध्ये ती जाहीर झाली आणि १९३९पर्यंत सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. तिचा आराखडा हर्बर्ट ऑस्टिनच्या घरी बसून स्टॅन्ली एज या १८ वर्षांच्या मुलाने काढला होता. पुढे निमुळती होत जाणारी, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चॅसी आणि जेमतेम ७४७ सीसीचं इंजिन. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्यांच्या बॉड्या सडल्या, पण चॅसी आणि इंजिनं शाबूत राहिली. भंगाराच्या भावात त्या मिळायच्या. तरुण पोरं त्या घेत, वरचा सांगाडा काढून टाकत आणि मनासारखी रेसरच्या थाटाची बॉडी चढवत. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८मध्ये असाच एक ‘स्पेशल’ बांधला. पुढे त्यातूनच लोटस कंपनी उभी राहिली.

१९५७मध्ये आलेली लोटस सेव्हन दिसायला तिच्या काळाच्याही मागची होती: लांब नाक, बाहेर काढलेले हेडलाइट, चाकांवर सुटे मडगार्ड. ती सुट्या भागांच्या संचात विकत मिळे, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदीकर सुट्या भागांना लागत नसे. १९७३मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि त्या घराण्याच्या गाड्या आजही बनतात. पण ज्याच्याकडे संच घेण्याचे पैसे नाहीत, त्याने काय करावं? नॉर्थॅम्प्टनशरमधल्या आउंडल शाळेतले शिक्षक रॉन चॅम्पियन यांनी १९९६मध्ये याचं उत्तर पुस्तकरूपाने दिलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असं ते शीर्षकातच सांगतं. त्यावरून बांधलेल्या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं.

पुस्तकातली कृती रोखठोक आहे. फोर्डची जुनी एस्कॉर्ट घ्यायची. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि स्टेअरिंग काढून घ्यायचं. एक इंच चौकोनी पोलादी नळीचे तुकडे कापून चॅसी स्वतः वेल्ड करायची. ऐकायला सोपं वाटणारं हे काम करणाऱ्याचा अंत पाहतं. नळीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. वेल्डिंगची धग लागली की ती ज्या बाजूला टाका पडला त्या बाजूला ओढली जाते. म्हणून सपाट जाड फळीवर पूर्ण मापाचं रेखाटन करायचं, रेघांच्या कडेने लाकडाचे ठोकळे ठोकायचे आणि त्यांच्यामध्ये नळ्या अडकवायच्या. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारायचे. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्यायची. ती सारखी भरली, तरच पक्कं वेल्डिंग. तेही एक सांधा इकडचा, दुसरा समोरचा, असं आलटून पालटून. घाईत एकाच बाजूचे सांधे पुरे केले, की चॅसीला पीळ बसलाच. असा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण पुढची दोन चाकं रस्त्याला वेगवेगळ्या कोनांत टेकतात आणि गाडी कायम एका अंगाला ओढ घेते.

पण सगळ्यात हट्टी भाग वेगळाच आहे. वळण घेतल्यावर स्टेअरिंग सैल सोडलं, की ते आपोआप सरळ व्हायला लागलं पाहिजे. विकत घेतलेल्या गाडीत याची जाणीवही होत नाही. सायकल हात सोडून चालवता येते, त्यात पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाचा वाटा असतो. फोर्कची रेघ खाली वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढे रस्त्याला मिळते. टेकण्याची जागा मागे राहते आणि ओढल्यासारखी सरळ येते. मोटारीत पुढच्या चाकाच्या वरचा बॉलजॉइंट खालच्यापेक्षा जरा मागे ठेवून हाच तिरकेपणा साधतात. त्याला कास्टर म्हणतात आणि तो अंशांत मोजतात.

पुस्तकातल्या लोकॉस्टला पुढचे चाक धरणारे भाग फोर्ड कॉर्टिनाचे लावतात. कॉर्टिना भरभक्कम गाडी. तिच्या पुढच्या चाकांवर चांगला भार असे. घरची गाडी तिच्या मानाने अगदी हलकी, त्यामुळे चाकाला सरळ आणणारा जोरही कमी. मग बांधणारे वॉशर इकडचे तिकडे करून वरचा बॉलजॉइंट मागे सरकवतात, टायरमधली हवा बदलून पाहतात, स्टेअरिंगचा रॅक कुठे आवळला जातोय का ते बघतात, टायरॉड अर्धा फेरा फिरवतात आणि पुन्हा गाडी गल्लीत काढतात. कास्टर जास्त झाला, तर स्टेअरिंग जड होतं. कमी पडला, तर ते मध्येच अडून बसतं. ज्याने इंजिन सहज उतरवलं आणि चढवलं, तो या काही अंशांपायी कित्येक संध्याकाळी घालवतो. या कामात खरी कारागिरी इथेच दिसते, आणि फोटोत मात्र तिचा मागमूस नसतो.

गाडी बांधून झाली, की परीक्षा. १९९८मध्ये ब्रिटनने अशा गाड्यांसाठी एकेका वाहनाची मान्यता-चाचणी सुरू केली आणि २००९पासून तिची जागा ‘आयव्हीए’ या अधिक कडक चाचणीने घेतली. गाडी व्यवसायासाठी नव्हे, स्वतःसाठीच बांधली आहे, हे दाखवायला बांधकामाचे फोटो आणि पावत्या लागतात. नोंदणी झालेली नसतानाही, विमा काढलेला असेल, तर ठरलेल्या वेळी चाचणी केंद्रापर्यंत ती चालवत नेण्याची मुभा असते.

केंद्रात निरीक्षक काही तास एकाच गाडीमागे असतो. ब्रेक रोलरवर तपासतात. सीटबेल्ट कुठे आणि कसे जखडले आहेत, ते पाहतात. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवत असेल, तर गाडी नापास. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आवाज मोजतात. इंजिनाची कमाल ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते, त्याच्या पाऊणपट फेऱ्यांवर तो ९९ डेसिबलच्या आत हवा. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, पण ते वय पुराव्यानिशी दाखवावं लागतं. आणि स्टेअरिंग खरंच सरळ येतं का, हे गाडी चालवून बघतात.

जुन्या धाटणीच्या गाडीला सगळ्यात जास्त छळतो तो १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा. निरीक्षक तो गाडीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवतो. गोळा ज्या कडेला टेकेल, तिची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी. पादचाऱ्याला धक्का लागलाच, तर धार लागू नये म्हणून. आधुनिक गाडीचं सगळं काही गुळगुळीत पत्र्याखाली दडलेलं असतं. इथे हेडलाइटचे दांडे, सुट्या मडगार्डच्या कडा, चाकांमागच्या सस्पेन्शनचे नट-बोल्ट, सगळं उघड्यावर! मग कडांना रबरी पट्टी बसते, नटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढतात, देखणे जुने आरसे उतरवावे लागतात. नापास झालेल्याच्या हातात दोषांची यादी मिळते; ते दुरुस्त करून पुन्हा यायचं. पास झालेल्या काही गाड्यांना ‘क्यू’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. या गाडीचं वय कागदावर ठरवता येत नाही, असा त्या अक्षराचा अर्थ. जुनी दिसते म्हणून तिला जुना नंबर मिळत नाही.

भारतात अडचण याच्याही आधीच्या पायरीवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ नमुना-वाहन तपासायला सांगतो, तो ‘उत्पादका’ला. तपासणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई आहेत; म्हणजे यंत्रणा आणि जाणकार माणसं महाराष्ट्राच्या दारातच आहेत. पण ही तपासणी हजारो गाड्यांच्या एका साच्याची असते. मोटारींच्या नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७पासून धडक-चाचणी लागू झाली. ज्याने आयुष्यात एकच गाडी बांधली, त्याने ती धडकवून दाखवायची, तर चालवायची कुठली? आरटीओत पासिंगला गेलं, की फॉर्म २१ आणि २२ मागतात, आणि त्यांवरही विक्रेत्याची किंवा उत्पादकाची सही लागते.

दुसरी वाटही अरुंद आहे. जुनी जीप किंवा अ‍ॅम्बॅसॅडर घेऊन तिच्यावर वेगळी बॉडी चढवावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आली, पण ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी. जुन्या रूपाच्या नव्या गाडीला तिथेही जागा नाही.

सरकारची धास्ती खोटी नाही. उत्तर भारतात पंपाचं इंजिन बसवून केलेल्या ‘जुगाड’ गाड्या धड ब्रेक नसताना माणसं वाहत आल्या आहेत. जुगाड हेही मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी आणि नियम लागू आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१३मध्ये सांगावं लागलं. घरी बांधलेल्या गाड्यांना सरसकट दार उघडलं, तर त्यातून आधी या गाड्या शिरतील. म्हणून दार अरुंदच हवं: भाड्याने प्रवासी नेण्यास बंदी, वेगाला मर्यादा, ठरावीक वर्षांपर्यंत विक्री नाही, आणि ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, सीटबेल्ट, धूर यांची तपासणी प्रत्येक गाडीची स्वतंत्र. यातलं एकही काम पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या अभियंत्यांना नवं नाही. त्यांना लागेल ती नियमात ‘स्वतःसाठी एकच वाहन बांधणारा’ या माणसाची व्याख्या, तपासणीचं शुल्क आणि वर्षाला किती अर्ज घ्यायचे याचा आकडा.