नागपूर किती तासांवर?

शाळेतल्या अंतर-वेळ-वेगाच्या गणितात मोटार सुटली की हिशेब सुरू आणि थांबली की संपला! प्रवाशाला घरून निघायचे असते आणि कुणाच्या तरी घरी पोहोचायचे असते, हे त्या पुस्तकाला ठाऊकच नसे. मुंबई-नागपूर प्रवासाचे आकडेही आपल्याला असेच सांगितले जातात. माझी सारी नोकरी बँकेत आकडेमोडीत गेली. त्यामुळे असा हिशेब पाहिला की मला त्यात न धरलेल्या रकमा दिसू लागतात.

नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन शहरांतले अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वे भुसावळ, अकोला, वर्धा करीत ८३७ किलोमीटर धावते. ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तर इगतपुरी-आमणे हा अखेरचा जून २०२५ मध्ये. पूर्वी मोटारीला सोळा तास लागत, आता आठ, असे सांगतात.

विमान दीड तासात पोहोचवते. पण मी राहतो कल्याणला. विमानतळ गाठायला दोन तास, उड्डाणापूर्वी दीड, विमानात दीड, सामान मिळेपर्यंत अर्धा आणि सोनेगावहून ताईच्या घरापर्यंत अर्धा. बेरीज सहा तास! ६८० ला सहाने भागा. ताशी ११३ किलोमीटर आले. समृद्धीवर मोटारीला मुभा आहे ती ताशी १२० ची!

अर्थात रस्त्याच्या हिशेबातही एक रक्कम राहून जाते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण दगावले. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही. म्हणून चहाचा आणि विश्रांतीचा वेळ प्रत्येकाने आपल्या हिशेबात आधीच धरावा.

तरीही वेगाला नाके मुरडणाऱ्यांतला मी नव्हे. १९८८ साली माझी बदली नागपूरला झाली होती. एका दुपारी कल्याणहून वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. विमानाचे भाडे पगारात बसणारे नव्हते. संध्याकाळची गाडी धरली. रात्रभर प्रत्येक स्थानकावर घड्याळ पाहत होतो. वडील भेटले, दोन शब्द बोलले. पण ती रात्र अजून आठवते. अशा वेळी वाचलेल्या एकेका तासाचे मोल कुठल्या पुस्तकात मांडणार?

एरवी मात्र वाचलेले तास जातात कुठे, हा प्रश्न पडतो. पूर्वी मुंबईचा पाहुणा नागपुरात आठ दिवस सहज राही. एवढा प्रवास करून दुसऱ्या दिवशी परतणे कुणालाच पटत नसे. आता माझा भाचा सकाळच्या विमानाने येतो, आईला डॉक्टरकडे नेऊन आणतो आणि संध्याकाळी परततो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याची रजाच तेवढी. ताई मात्र म्हणते, "लवकर येतो रे, पण लवकरच जातो!"

वाचकहो, प्रवासाचे आठ तास वाचले असतील, तर त्यांतले निदान चार ज्यांच्याकडे जातो त्यांच्या खात्यावर जमा करावेत. व्याज तिथेच बरे मिळते.