ओल्यात चिकटायचं कसं? शिंपल्याकडून काय घ्यावं

मंडळी, तत्त्वज्ञानाचा माणूस आज डिंकाविषयी बोलणार, याचं नवल वाटेल. पण प्रश्न आपलाच आहे. निसर्गाचं अनुकरण करायचं म्हणजे त्याच्याकडून नेमकं काय उचलायचं?

ओल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, हे आपण जाणतो. मध्ये पाण्याचा थर येतो. शरीराच्या आत तर सगळंच ओलं. तिथे टाक्यांऐवजी चिकट जेल वापरायचं, तर हीच पहिली अडचण. समुद्रातला शिंपला मात्र लाटांचा मार खात खडकाला धरून राहतो. गोव्यात ज्याला शिणाणे म्हणतात, तो याच कुळातला. त्याच्या धाग्यांच्या टोकाशी असलेल्या प्रथिनांत ‘डोपा’ नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. हर्बर्ट वेट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिलं.

डोपामध्ये ‘कॅटेकॉल’ नावाचा गट असतो. तो दगडाला, धातूला घट्ट धरतो. पण गंमत बघा. त्याचं ऑक्सिडीकरण झालं, की असे गट आपसांत जोडले जातात. जेल आतून मजबूत होतं, पण पृष्ठभागावरची पकड ढिली पडते. म्हणजे चिकटणं एक आणि एकसंध राहणं दुसरं. दोन्ही हवीत, आणि दोन्ही एकाच गटाकडून! शिंपला यावर उपाय करतो. तो आपल्या पायाखालची जागा आम्लधर्मी ठेवतो आणि गंधकयुक्त प्रथिनं सोडून बिघडलेला डोपा पूर्ववत करतो.

संशोधकांनी हे प्रथिन जसंच्या तसं बनवण्याचा अट्टहास धरला नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांच्या टोकांना त्यांनी कॅटेकॉल जोडलं आणि त्यात लोह मिसळलं. आम्लात लोहाच्या एका अणूला एकच कॅटेकॉल धरतं, तेव्हा मिश्रण पातळ राहतं. अल्कलीत तीन-तीन धरतात, आणि लालसर जेल तयार होतं. ते फाडलं तरी तुकडे पुन्हा जुळतात, कारण हे बंध सुटतात आणि परत बांधले जातात. ऑक्सिडीकरणाने झालेले बंध एकदा तुटले की तुटले.

तर मग शिंपल्याकडून काय घेतलं? त्याचं रूप नाही, त्याचं प्रथिनही नाही. घेतली ती युक्ती, म्हणजे कारण. पण इथे अनुकरणाची हद्दही दिसते. शिंपल्याच्या डिंकाला फक्त चिकटून राहायचं असतं. आपल्या जेलला मात्र जखम भरेपर्यंत धरायचंय, अपाय करायचा नाही, आणि काम झालं की निघूनही जायचंय. कधी सोडायचं, हे तो डिंक शिकवत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.