रविवारची मिस्सा आणि दोन वर्षांचा करार

हाँगकाँगच्या गार्डन रोडवरील सेंट जोसेफ चर्चमध्ये रविवारी एकामागून एक मिस्सा, म्हणजे कॅथलिक सामुदायिक उपासना, होतात आणि उपासकांत घरकामासाठी फिलिपिन्सहून आलेल्या स्त्रियांचाच भरणा मोठा असतो. कायद्याने सात दिवसांतून एक सुट्टी मिळते, ती बहुतेकींना रविवारी असते. मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती असल्यामुळे एरवी स्वतःची म्हणावी अशी खोलीही अनेकींना लाभत नाही. साहजिकच मिस्सेनंतर त्या दिवशी वाहनांना बंद असलेल्या चेटर रोडवर पुठ्ठे अंथरून जेवणे, जप करणे, घरी पाठवायची खोकी भरणे, हा सारा त्याच उपासनेचा विस्तार ठरतो.

१९७० आणि १९८०च्या दशकांत आलेल्यांपैकी ज्या अजून तेथे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकींनी आता साठी गाठली किंवा ओलांडली आहे. धर्मग्रंथातील उतारे वाचणे, गायकवृंद बसवणे, दान गोळा करणे, नव्याने आलेल्या मुलीला दिलासा देणे ही कामे पुष्कळदा अशा ज्येष्ठांकडे येतात. त्यांना ‘आते’, म्हणजे थोरली बहीण, असे संबोधले जाते, आणि आठवडाभर आज्ञा झेलणारी स्त्री येथे इतरांना कामे नेमून देते. ‘सिंबांग गाबी’ या नाताळपूर्व नऊ मिस्सा फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबरला पहाटे होतात. परदेशात मात्र कामाच्या वेळा सांभाळून त्या अनेक ठिकाणी सायंकाळी ठेवाव्या लागतात, म्हणजे भक्तीलाही नोकरीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. देश सोडण्यापूर्वी अनेकजणी मनिलाजवळील बाक्लारानच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या ठरावीक प्रार्थनांच्या उपासनेला, जातात. माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनामुळे हीच मरियाभक्ती मुंबईकरांना परिचित आहे.

चर्चमध्ये मिळणाऱ्या या आपलेपणाला हाँगकाँगमध्ये शासकीय मान्यतेचा आधार नाही. इतर बहुतेक परदेशी व्यक्तींना सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मागता येतो, पण घरकामगारांना तो नाकारण्याचा नियम हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वैध ठरवला. करार दोन वर्षांचा असतो. तो संपल्यास किंवा मोडल्यास १९८७च्या नियमानुसार साधारणतः दोन आठवड्यांत शहर सोडावे लागते, मग त्या स्त्रीने चर्चमध्ये वीस वर्षे गायकवृंद सांभाळलेला असला तरीही. चर्च तिला मान, मैत्रिणी आणि हक्काचे काम देऊ शकते. म्हातारपणी त्याच शहरात राहण्याची परवानगी मात्र केवळ शासनच देऊ शकते, आणि शासनाने ती दिलेली नाही.